सुया जाऊ देत, आधी बाटली टिकू दे

आंजर्लेकर

श्वासावाटे ओढायच्या इन्सुलिनच्या पावडरीला डिसेंबर २०२४ मध्ये भारतात मान्यता मिळाली, तेव्हापासून आमच्या भावकीच्या ग्रुपवर एकच गजर: "आता सुया गेल्या!" माझं मत उलटं आहे. कोकणातल्या मधुमेह्याचा खरा त्रास सुई नाही, फ्रिज आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमचे अर्धे पत्रे उडाले, माड आडवे झाले आणि पुढे तीन आठवडे वीज नाही. आईच्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या बंद फ्रिजमध्ये तशाच ठेवल्या. दार उघडलं नाही तर गार राहतील, ही माझी भोळी समजूत. तिचं मिक्स इन्सुलिन दुधाळ असतं, तळहातांत घोळवलं की एकसारखं होतं. एके सकाळी घोळवून घोळवून हात दुखले, तरी काचेला आतून पांढऱ्या कण्या चिकटलेल्याच. तोवर आठवडाभर तेच टोचत होतो! साखर चारशेच्या वर. सुईबद्दल मात्र आई एकदाही कुरकुरली नाही.

आणि त्या पुडीला तरी फ्रिज चुकलाय का? सीलबंद पाकीट बाहेर १० दिवस, पट्टी फोडली की ३. आमची बाटली उघडल्यावरही बाहेर चार आठवडे टिकते, फक्त फार तापता कामा नये.

चिपळूणची आई

दादा, तुमच्या आई सोसणाऱ्या पिढीतल्या. माझी लेक नऊ वर्षांची आहे, टाइप वन. दिवसाला चार सुया, वर्षाला १४६०. ४ मिलिमीटरची सुई तांदळाच्या दाण्याहून लहान असते हे मलाही कळतं, पण डब्याचं झाकण वाजलं की ती कॉटखाली शिरते. पोटावर एका जागी गाठ झालीय. तिथे टोचलं तर दुखत नाही, म्हणून तीच जागा पुढे करते, आणि नेमकं तिथूनच औषध नीट उतरत नाही. सुईचा त्रास नाही, हे तिच्यासमोर म्हणून दाखवा.

पूड आपल्याकडे मोठ्यांसाठीच आहे, ती जेवणापुरतीच, आणि दिवसभर पुरणारं इन्सुलिन टोचावंच लागतं. सगळं माहीत आहे. म्हणून कुणी पुढचं शोधूच नये?

औषधवाला, गुहागर

दमेकऱ्यांना ती पूड चालत नाही, आधी फुप्फुसांची तपासणी लागते. चुलीपुढे जन्म काढलेल्या आमच्या म्हाताऱ्यांतल्या किती जणी त्यात पास होतील, देव जाणे.

काउंटरवर मला दिसणारा घोळ वेगळाच आहे. लाल टोपीची सिरिंज मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटलीची, केशरी टोपीची १०० ची. इन्सुलिन पेनच्या १०० च्या कार्ट्रिजमधून कुणी लाल टोपीने औषध ओढलं तर डोस अडीचपट. यावर कोणी धागा काढत नाही.

मालवणचो बायोटेकवालो

गोळी का नाही म्हणाल, तर इन्सुलिन म्हणजे प्रोटीन. पोटाला ते काय आणि बांगड्याची तुकडी काय, दोन्ही सारखंच पचवतं. त्याच्याच जातीतली, पण लहान साखळीची सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या दुसऱ्या औषधाची गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली. जठरातून शोषण व्हावं म्हणून तिच्यात एसएनएसी नावाचा मदतनीस घातलाय. उपाशीपोटी, अर्धा कप पाणी, मग अर्धा तास काही नाही. इतकं सगळं करून रक्तात पोचतं जेमतेम एक टक्का.

आता हिशोब करा. इंजेक्शन आठवड्याला १ मिलिग्रॅम, गोळी रोज १४, म्हणजे आठवड्याला ९८. एक सुई वाचवायला जवळजवळ शंभरपट माल! म्हणजे भांडण सुईचं नाहीच, औषध बनवणारे जिवाणू नि यीस्ट वाढवायच्या टाकीचं आहे. पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या नि गाईंच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये ई. कोलाय जिवाणूकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं, १९८२ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे बायोकॉन ते यीस्टमध्ये वाढवते. शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये हिपॅटायटिस बीची लसही यीस्टमधूनच आणली आणि परदेशी लशीचे भाव पडले. टाकीतून असाच भरपूर माल निघाला तर ९९ टक्के वाया घालवायलाही परवडेल.

आंजर्लेकर

परवडेल कुणाला? गोळीत जाणाऱ्या तेवढ्याच मालात शंभर जणांची इंजेक्शनं होतात, ती आधी भरा. आणि ओढायचं इन्सुलिन काही आजचं नाही. २००६ मध्ये फायझरने एक्झुबेरा आणलं, पुढच्याच वर्षी गुंडाळलं. टॉर्चएवढं यंत्र चारचौघांत तोंडाला लावायला कोण तयार होणार!

चिपळूणची आई

यंत्र मोठं होतं म्हणून विचारच चुकीचा? नवीन यंत्र शिट्टीएवढं आहे. तरी उष्णतेत टिकणारं इन्सुलिन हवं हे मान्य. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा फ्रिज स्वयंपाकघरात तरंगत होता. पण ते येईपर्यंत तुम्ही काय करता? माठ म्हणू नका. पावसाळ्याच्या दमट हवेत माठ गार होतच नाही.

आंजर्लेकर

नाही होत. मी वादळानंतर करून बघितलं, हाताला फरकसुद्धा कळेना. शेवटी नवी बाटली आणली, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा रहाटाच्या दोरीने विहिरीत पाण्यालगत सोडला. रोज दोनदा वर काढायचा. फ्रिजइतकं गार नाही, पण पत्र्याखालच्या खोलीपेक्षा कितीतरी बरं. ती बाटली शेवटपर्यंत चालली.

चिपळूणची आई

आमच्याकडे विहीर नाही, तिसरा मजला आहे.