प्रतिसाद: वाढत्या संकुलातला शेजार

घोडबंदर रस्त्यावरील आपल्या संकुलात नवे मनोरे उभे राहिल्यापासून जुना शेजार विरला, आणि त्यावर उपाय म्हणून सर्वांनी मिळून एकच मोठा गणेशोत्सव करावा, असे आपण लिहिले आहे. निरीक्षण पटते, उपाय मात्र अपुरा वाटतो. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात असे मांडले की, एका माणसाला साधारणपणे १५० जणांशीच स्थिर नाते राखता येते. या आकड्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी हजार कुटुंबांच्या मंडपात बहुतेकजण प्रेक्षकच राहतात, हे आपण सारेच पाहतो.

म्हणून उत्सव एक असला तरी कामे इमारतवार वाटावीत, आणि नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाकडे पहिल्याच महिन्यात जाऊन त्यांच्याकडे एखादे लहानसे काम आपुलकीने मागावे. स्वागताच्या भाषणापेक्षा अशा मागण्याने माणूस लवकर आपला होतो, असे माझे ठाम मत आहे.

भाडेकरूंचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सहकार कायद्यानुसार ३० सप्टेंबरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यांना मत नसते, आणि त्यामुळे वर्षानुवर्षे राहूनही ते परकेच राहतात. मताधिकार देणे संस्थेच्या हाती नाही. पण वाचनकट्टा, बाग, ज्येष्ठांची सोबत अशा कामांच्या समित्यांत त्यांना बरोबरीने घेण्यास कोणताही कायदा आड येत नाही, आणि ही सुरुवात यंदाच्या सभेपूर्वीच करता येईल.