बंबातलं पाणी किती मिनिटं पुरतं? टॉवेल कारखान्यात नेमकी तयारी काय हवी?

बीमवाला
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत खाली माग, मागे लहान डाइंग (रंगकाम), पोटमाळ्यावर तयार मालाच्या गाठी, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. मे २०२५ मध्ये याच वसाहतीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली. आग विझवायचा सिलिंडर भिंतीला टांगला की काम झालं, असं मला वाटत नाही. बंब आला तरी "पाणी संपलं, दुसरा येतोय" असं का होतं? आग नसते तेव्हा अग्निशमन दलाची माणसं केंद्रावर काय करतात, आणि त्यातलं आपण काय उचलावं? आकड्यांसकट सांगा की.

पंपघर
पाण्याचा हिशेब सोपा आहे. नोझलचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, नोझलवर जितके बार दाब असेल त्याच्या वर्गमुळाने गुणा आणि आलेल्या आकड्याचे दोन तृतीयांश करा. मिनिटाला किती लिटर जातं ते कळतं. २० मिमीचं नोझल आणि ४ बार दाब असेल तर सुमारे ५३३ लिटर. नेहमीच्या वॉटर टेंडरची, म्हणजे बंबाची, टाकी ४,५०० लिटरची. एक लाइन चालली तर साडेआठ मिनिटं, दोन चालल्या तर जेमतेम सव्वाचार. "बंब रिकामाच आला" ही तक्रार बऱ्याचदा इथून निघते. बंब भरलेलाच आलेला असतो.

म्हणून तुमची जमिनीखालची टाकी बंबाइतकीच महत्त्वाची. पण तिच्यातून पाणी ओढता आलं पाहिजे. पंप पाणी खेचत नाही. तो पाइपातली हवा काढतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. पुस्तकात ही उंची १० मीटर, प्रत्यक्षात ७ च्या पुढे भरवसा धरू नका. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तापलं की आणखी कमी. सक्शन पाइपाचा एक तुकडा अडीच मीटरचा असतो. एका जोडाचा जरी वॉशर गेला तरी हवा शिरते, व्हॅक्युमचा काटा चढत नाही, आणि प्राइमिंग, म्हणजे हवा काढून पंपात पाणी चढवणं, करण्यातच मिनिटं जातात. टाकीचं झाकण बंब उभा राहील त्या बाजूला ठेवा. त्यावर सुताची पोती रचू नका. फाटक साडेचार मीटरपेक्षा अरुंद नको, आणि वर कमान असेल तर खाली ५ मीटर मोकळी जागा हवी.

होजटॉवर
केंद्रावरच्या दिवसाबद्दल. पाळी बदलताना हजेरी होते, मग लगेच गाडी बघतात: डिझेल, बॅटरी, टायर, एअर ब्रेकचा दाब, पाण्याची टाकी. पंप सुरू करून दाब येतो का ते पाहतात. श्वसनयंत्राचा सिलिंडर तपासतात. ६ लिटरचा, ३०० बारला भरलेला म्हणजे १,८०० लिटर हवा. राबणारा माणूस मिनिटाला ४० लिटर घेतो, म्हणजे कागदावर ४५ मिनिटं. पण दाब ५५ बारवर उतरला की इशाऱ्याची शिट्टी वाजते, ती साधारण ३७ व्या मिनिटाला, आणि शिट्टीच्या आत बाहेर पडायचं असतं. धुरात धावपळ झाली की ही वेळही आखडते.

होजचं, म्हणजे पाणी मारायच्या पाइपाचं, काम मात्र सगळ्यात दुर्लक्षित. ६३ मिमीचा, १५ मीटरचा एकेक पाइप आगीवरून आला की मातीत माखलेला असतो. तो पसरून ब्रशने धुतात आणि उंच मनोऱ्यात टांगून सावलीत वाळवतात. ओला गुंडाळला तर कुजतो. घडी दरवेळी थोडी सरकवून घालतात, कारण एकाच जागी मोड पडत राहिली की आतलं रबर तिथे चिरतं आणि दाब दिल्यावर नेमकं तिथूनच बारीक फवारा सुटतो. पाइपाच्या टोकाच्या मादी कपलिंगमध्ये (जोडात) बोट फिरवून वॉशर चाचपतात. तुमच्या हायड्रंटच्या लाल पेटीतला पाइप शेवटचा कधी उघडला होता? त्यात वॉशर आहे का? उद्याच बघा. तिथून उचलण्यासारखी पहिली गोष्ट हीच.

"बंब" हा शब्द पोर्तुगीज बोंबावरून आलाय, म्हणजे पंप. नावातच पाणी ओढणं आहे.

कापूसगाठ
आग लागते कशी, त्यावर बोला. टॉवेलच्या मागावर बूर, म्हणजे सुताचे बारीक तंतू, खूप उडतो. तो ट्युबलाइटवर, मोटरवर, छताच्या कैचीच्या लोखंडावर बसतो. स्विचची एक ढिली जोडणी किंवा तापलेलं बेअरिंग पुरतं. ज्योत बुरावरून छतापर्यंत डोळ्यांदेखत धावते, आणि मग खाली पेटलेला बूर गळतो. बूर हवेने उडवायचाच असेल तर आधी वीज बंद. नाहीतर तोच बूर विजेच्या पॅनलमध्ये जाऊन बसतो. झोतापेक्षा व्हॅक्युम बरा.

गाठीची आग वेगळीच. वरून विझलेली दिसते, आत धुमसत असते. घट्ट बांधलेल्या कापसात पाणी शिरत नाही. पाण्यात ओलावा पसरवणारं द्रव्य मिसळावं लागतं आणि प्रत्येक गाठ बाहेर नेऊन फोडावी लागते. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आहे, तो १९४४ च्या मुंबई गोदीमुळे. फोर्ट स्टायकिन जहाजावर कापसाच्या गाठी धुमसत होत्या, त्याच जहाजात स्फोटकं होती. पाणी मारणं चालू होतं, आगीचं मूळ हाती येईना. दुपारी चारनंतर स्फोट झाला, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

ओल्या गाठी जड होतात आणि फुगतात. पोटमाळ्यावर त्या भिंत ढकलतात, स्लॅबवर भार वाढतो. पोटमाळ्यावर गाठी ठेवू नका आणि माणसं झोपवू तर मुळीच नका. भिंतीपासून अंतर सोडा, रांगांमध्ये माणूस पाइप घेऊन जाईल एवढी वाट ठेवा. डाइंगमधल्या हायड्रोजच्या ड्रमवर मात्र वाळूच्या बादल्या.

रंगखाता
शेवटचं वाक्य दुरुस्त करा, ते धोक्याचं आहे. हायड्रोज म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. पावसाळ्यात पत्रा गळला आणि ड्रममध्ये थोडी ओल गेली तरी ते आपोआप तापून पेटतं. जळायला त्याला बाहेरची हवा लागत नाही, म्हणून वाळूने झाकून ते विझत नाही, आत तापतच राहतं. थोडं पाणी टाकलं तर उलट भडकतं. लागतो तो भरपूर पाण्याचा मारा, लांबून. धूर सल्फर डायऑक्साइडचा, घशाला झोंबतो, म्हणून वारा पाठीशी घेऊन उभं राहायचं. ड्रम फळीवर, कोरड्या खोलीत, नळापासून लांब. पावडर काढायचा चमचा कोरडा असावा. पाटी मराठीबरोबर तेलुगूतही लावा. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू बोलणाऱ्या कामगाराला ती एका नजरेत वाचता आली पाहिजे.

कापूसगाठ
बरोबर. वाळूचं मागे घेतो. ती तेलाच्या आगीपुरती.

बीमवाला
पॅनलला ठिणगी दिसली तर पहिल्या दोन मिनिटांत कोणी काय करायचं?

पंपघर
एकाने मेन स्विच पाडायचा, दुसऱ्याने १०१ ला फोन. फोनवर पत्ता आणि जवळची खूण, काय जळतंय, आत कुणी आहे का, टाकी कुठे आहे, आणि आपला नंबर. ते उलट फोन करून खात्री करतात, तो उचला. तिसरा फाटक उघडून नाक्यावर उभा राहतो. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर १५-२० सेकंदांतच रिकामा होतो, म्हणून दार पाठीशी ठेवून आगीच्या बुडाशी मारायचा. एका सिलिंडरने आटोक्यात आली नाही तर बाहेर पडा. बंद शटरच्या फटीतून धूर आत-बाहेर होत असेल तर शटर उघडू नका, हवा मिळताच आतला धूर एकदम पेटतो. आणि आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म ब जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दलाकडे द्यायचा असतो. सहीपूर्वी तिच्या माणसाला तुमच्यासमोर पंप चालवायला लावा, लांबच्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडून.