सीएनसीच्या दोन रेल समांतर बसेनात, गँट्री जाम होते

प्रश्न:
राम राम मंडळी, नागपुरात घरीच सीएनसी राऊटर (कॉम्प्युटरनं चालणारं कोरायचं मशीन) बनवून रायलो, ॲल्युमिनियम प्रोफाइलवर २० एमएमच्या दोन लिनियर रेल (ज्यावर ब्लॉक सरकतात ते सरळ रूळ), लांबी १ मीटर. एका टोकाला गँट्री (दोन्ही रेलवरून सरकणारी आडवी कमान) बोटानं सरकते अन् दुसरीकडं गेली की जाम. टेपनं अंतर सारखंच भरते. काय चुकून रायलं?

उत्तर १:
भाऊ, टेप ठेवून द्या, इथला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला असतो. आधी एकच रेल स्ट्रेटएजला (अगदी सरळ धारेच्या पट्टीला) टेकवून पक्की करा. मग तिच्या ब्लॉकवर डायल गेज (बारीक फरक काट्यानं दाखवणारं माप) बांधा, टोक दुसऱ्या रेलच्या बाजूला टेकवा अन् हळूहळू ढकलत प्रत्येक बोल्टपाशी काटा बघत रेल सरकवत कसत जा, घाई केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

उत्तर २:
गेज नसेल तर दुसरी रेल ढिली ठेवून गँट्री चढवा, एका टोकाला नेऊन तिथले बोल्ट कसा, मग दुसऱ्या टोकाला, मधले शेवटी. पण गँट्री काटकोनात हवी. अन् हे काम सकाळीच करा. टिनाच्या शेडमधे मे महिन्यात दुपारी नकोच, ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागं साधारण २३ मायक्रॉन वाढते, स्टील १२च्या आसपास, मग बेस वाकतो. माझी एक रविवारची मेहनत अशीच गेली.

प्रश्नकर्ता:
सापडलं! रेल उचलली तर शेवटच्या छिद्राच्या काठाला ड्रिलचा बारीक बर (धातूची वर आलेली कड) उभा होता, नखाला लागत होता. कानशीनं घासला, उत्तर १ प्रमाणं गेज लावलं, आता काटा दोन रेघांच्या आतच हलते. लय आभार भाऊ.