वजन बेताचं, पण बाबांना ५२ व्या वर्षी अटॅक. कुठल्या तपासण्या कराव्यात?

रानवाटा: नमस्कार मंडळी. वय ३८, उंची ५ फूट ८ इंच, वजन ६७ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साडेबावीसच्या आत. दिवसभर बैठं काम, सिगारेट-दारू नाही. बाबांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता, आणि तेही किडकिडीतच. ऑफिसच्या तपासणीत माझे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, उपाशीपोटी शुगर १०४ आली. तिथल्या डॉक्टरांनी "वजन छान आहे, काळजी नको" म्हणून रिपोर्ट परत दिला. मला मात्र झोप लागत नाहीये. पुढे काय तपासू?

शेवंता: वजन छान आहे यावर विसंबू नकोस रे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हाडापेराने बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात, हा आपल्याकडचा नेहमीचा सांगाडा. तुझे तिन्ही आकडे (ट्रायग्लिसराइड्स आणि शुगर जास्त, एचडीएल कमी) तेच सांगतायत.

आधी कंबर मोज. पँटचा नंबर धरू नकोस, पँट पोटाखाली बसते. शिवणकामाची टेप घे, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लाव, श्वास सहज सोडून माप घे. पोट आत ओढायचं नाही! आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० ही धोक्याची रेघ.

अक्षांश: मी न्यू जर्सीत असतो. इथल्या डायबेटिस असोसिएशनने आशियाई लोकांसाठी शुगर तपासायची बीएमआयची रेघ २०१५ मध्ये २५ वरून २३ वर आणली. २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या नियमावलीत तर दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारा घटक धरलाय.

तपासण्यांमध्ये एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि बीपी हवंच. शिवाय आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए जरूर कर. हा रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. ते आनुवंशिक असतं, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये (कोलेस्टेरॉलच्या तपासणीत) दिसत नाही, आणि डेसिलीटरला ५० मिग्रॅच्या वर निघालं तर बाकीचे घटक जास्त काटेकोरपणे सांभाळावे लागतात. बाबांचा इतिहास बघता मी यावर अडूनच बसेन. सीटी अँजिओच्या (हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या स्कॅनच्या) पॅकेजवर मात्र स्वतःहून उडी मारू नकोस, ते हृदयरोगतज्ज्ञांना ठरवू दे.

शेवंता: एचबीएवनसीबरोबर हिमोग्लोबिनही बघ. लोह कमी असेल तर तो आकडा फसवतो.

तुकडा_भाकरी: माझेही ट्रायग्लिसराइड्स असेच होते. भात-पोळी बंद केली नाही, नुसती निम्मी केली आणि ताटात आधी उसळ वाढून घ्यायला लागलो. रात्री जेवून लगेच सोफ्यावर बसायचो, आता पंधरा मिनिटं गच्चीवर फेऱ्या मारतो. आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो, कारण खाल्लेली साखर सगळ्यात जास्त स्नायूच ओढून घेतात. चहातली साखर आणि बिस्किटं सोडणं हेच मला सगळ्यात जड गेलं.

रानवाटा: सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच टेप लावली. पँट ३४ ची आणि माप ९५ सेंमी! बायकोकडून दोनदा मोजून घेतलं. सोमवारी फिजिशियनची वेळ घेतलीय, लायपोप्रोटीन-ए स्वतःहून मागेन. एक राहिलं: धाकट्या बहिणीला गरोदरपणात शुगर निघाली होती, बाळंतपणानंतर नॉर्मल झाली. आता बाळ दोन वर्षांचं आहे. तिने काही करायला हवं?

शेवंता: हो, नक्की! बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन तपासणी करायची असते, ती बहुतेकींची बाळाच्या धावपळीत राहूनच जाते. तिची राहिली असेल तर आता करायला सांग, आणि पुढे दर १ ते ३ वर्षांनी. सोमवारी तिलाही सोबत घेऊन जा.