शब्दचर्चा : ‘पानिपत होणे’ हिंदीत कसं न्यावं?

भाषांतरी : एका मराठी लेखाचा हिंदी अनुवाद चालू आहे. वाक्य असं : ‘मधल्या फळीचं पानिपत झालं.’ हिंदी संपादक म्हणतात, हे तसंच ठेवलं तर वाचकाला कळणार नाही. पानिपतावर १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तीन लढाया झाल्या, प्रत्येकीत कोणी ना कोणी जिंकलंच, मग पानिपत म्हणजे हार कशी? त्यांनी ‘करारी हार’ सुचवलंय. मला ते फिकं वाटतं. ‘सूपड़ा साफ’ चालेल का?

निळी शाई : ‘सूपड़ा साफ’ निवडणुकीला शोभतं. हाती काही उरलं नाही, एवढंच त्यात येतं. पानिपतात आधी पुष्कळ असावं लागतं आणि ते एका दिवसात जावं लागतं. संपादकांची हरकत रास्त आहे, कारण हा अर्थ मराठीबाहेर रुजलेला नाही. इंग्रजांचा ‘वॉटर्लू’ जवळचा वाटतो खरा, पण तो जिंकलेल्यांनी रूढ केला. त्यांनी लंडनच्या पुलाला, स्टेशनाला ते नाव दिलं. हार नेपोलियनची होती. मराठीने आपल्याच हारीचं क्रियापद केलं. शिवाय वॉटर्लू एकट्याचंही ठरतं. पानिपत फौजेचं, पक्षाचं, संघाचं होतं.

बखरवाचक : आणि तरीही वर्तमानपत्रं दोन जागा गमावल्या तरी ‘पानिपत’ छापतात. पांगापांग झाली तर दाणादाण म्हणा, एकतर्फी हार झाली तर धुव्वा म्हणा. पानिपत तेव्हाच, जेव्हा वरपासून खालपर्यंत अख्खी पिढी जाते. पेशव्यांकडे गेलेला म्हणून सांगतात तो निरोप आठवा : दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, रुपये-खुर्दा म्हणजे शिपाई आणि बाजारबुणगे. ही उतरंड शब्दाच्या अर्थातच आहे.

तळटीप : हा निरोप उद्धृत करताना जपा. ग्रँट डफने १८२६ ला लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात तो इंग्रजीत आहे, आणि तिथे मोहरा सत्तावीसच आहेत. मराठीत मात्र कुठे ‘दस-बीस अशरफी’, कुठे पंचवीस मोहरा, कुठे ‘गळाली’, कुठे ‘फुटली’. सावकारी सांकेतिक भाषा म्हणून तो बहारीचा आहे, पण त्यातला आकडा सरदारांची शिरगणती म्हणून वापरू नये. ‘लाख बांगडी फुटली’ याचंही तेच. ‘बांगड्या’ नाही, एकवचनी ‘बांगडी’. तिथे लाख म्हणजे अगणित. लेखांत त्याचे सरळ ‘एक लाख सैनिक ठार’ होतात, हे मला फार खटकतं.

मोगरा : ‘संक्रांत कोसळणे’ही तिथलाच ना? लढाई १४ जानेवारीची, म्हणजे संक्रांतीचीच.

तळटीप : नाही. संक्रांत ताऱ्यांच्या सापेक्ष मोजलेल्या सूर्याच्या गतीवर ठरते, इंग्रजी तारीख ऋतुचक्रावर. दोन्ही वर्षांत साधारण ७२ वर्षांनी एका दिवसाचा फरक पडतो. १७६१ पासून आजवर तो साडेतीन दिवसांहून जास्त झाला. म्हणजे त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती, आणि लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. वाक्प्रचाराचं मूळ पंचांगातल्या संक्रांतिफलात शोधा : देवी कुठल्या वाहनावर बसून येते, कुठे पाहते, काय नेसते, आणि त्यावरून कोणाला पीडा, काय महागणार.

बखरवाचक : घोटाळा कुठून आला असेल तेही सांगतो. दत्ताजी शिंदे दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर पडले १० जानेवारी १७६० ला, आणि तो दिवस संक्रांतीचा म्हणूनच सांगितला जातो. लोकांच्या आठवणीत दोन जानेवारी एक झाल्या. म्हणून तर ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ सर्रास पानिपतावर चिकटवतात. ते बुराडीचं आहे, वर्षभर आधीचं.

निळी शाई : भाषेत मात्र दोन टोकं जवळजवळ बसली आहेत. ‘अटकेपार झेंडे’ १७५८ चे, ‘पानिपत’ १७६१ चं. तीन वर्षांत एका समाजाला परमोच्च यशाचा आणि सर्वनाशाचा, दोन्ही वाक्प्रचार मिळाले. १४ जानेवारीला पानिपतजवळच्या काला आंब स्मारकापाशी ‘शौर्यदिन’ पाळतात, त्यामागेही हीच ओढ दिसते.

मोगरा : ‘शौर्यदिन’ मला पटत नाही. ‘स्मृतिदिन’ हवा. ‘विश्वास पानिपतात गेला’ म्हणणाऱ्या भाषेने त्या दिवसाला उत्सवी नाव देऊ नये.

बखरवाचक : का देऊ नये? रसद तुटलेली, फौज उपाशी, बरोबर बायकामुलं आणि यात्रेकरू, तरी दुपारपर्यंत तोल मराठ्यांकडे होता. स्मृतिदिन शोकाचा असतो, आणि शोक तर ‘पानिपत’ या शब्दात पुरेपूर आहे. वाक्प्रचारात जे आलं नाही, ते दिनाच्या नावात येऊ द्या.

भाषांतरी : कृपया माझं वाक्य! ‘भाऊगर्दी’ हिंदीवाल्यांना ओळखीचं वाटेल का?

उत्तरेकडून : शब्द कानावरून गेलेला असेल, पण मराठी अर्थाने नाही. मराठीत आज भाऊगर्दी म्हणजे नको तितकी गर्दी : उमेदवारांची भाऊगर्दी. दिल्लीकडे ‘-गर्दी’ म्हणजे उलथापालथ. १७५३ ची लूट ती जाटगर्दी, अब्दालीची ती शाहगर्दी, भाऊसाहेबांच्या स्वारीची ती भाऊगर्दी. हा फारसी प्रत्यय फिरण्याच्या धातूचा, ‘आवारागर्दी’तलाच.

बखरवाचक : प्रत्यय कशाला? फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ. बखरींत ‘गर्दीस मिळविले’ म्हणजे धुळीस मिळवलं. भाऊगर्दी म्हणजे भाऊंची झालेली धूळधाण.

मोगरा : पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या इब्राहिमखान गारदीचा संबंध नाही का? भाऊ अधिक गारदी?

तळटीप : नाही. ‘गारदी’ युरोपी ‘गार्ड’वरून आल्याचं मानतात, कवायती पायदळ, १७७३ ला नारायणरावांवर चालून गेलेले तेच. ‘गारदी’चं ‘गर्दी’ व्हायला मधला ‘आ’ जायला हवा, आणि माणसाचं नाव गोंधळाचं नाव व्हायला हवं. दोन्ही ओढूनताणून होतं. धुळीची व्युत्पत्ती ‘गर्दीस मिळवणे’ला लागू पडेल, पण जाटगर्दीत जाटांची धूळधाण झाली नव्हती, त्यांनी दिल्ली लुटली होती.

बखरवाचक : मग धूळ दिल्लीची झाली असं धरा. ‘गर्दी’च्या आधी करणाराच येतो, सोसणारा येत नाही, हे कशावरून?

उत्तरेकडून : तिन्ही शब्दांवरून. जाट, शाह, भाऊ, तिघेही चालून आलेले.

निळी शाई : भाषांतरी, ‘मध्यक्रम एक ही झटके में ढह गया’ करून पाहा. लढाई जाते, पण एका दिवसात सगळं गेल्याचा भाव राहतो. आणि मूळ लेखात कुठे ‘पानिपतचं’ असेल तर ते नको, ‘पानिपताचं’ हवं.

मोगरा : का हवं? परगावच्या नावाला सामान्यरूप लागतंच असं नाही. आपण ‘लखनौचं’ म्हणतो.

तळटीप : लखनौ अकारान्त नाही. अकारान्त उदाहरण द्या, मग बोलू.