कास पठार: पायवाटेलगतची तुडवण कशी मोजावी?

प्रश्न: एमएस्सीच्या प्रबंधासाठी कासवर पर्यटकांचा फुलझाडांवरचा परिणाम मोजायचाय. सप्टेंबर-ऑक्टोबर एवढाच हंगाम हाताशी आहे. वाटेलगत १ मी × १ मी क्वाड्रॅट (झाडं मोजायच्या चौकटी) पुरतील का? प्रबंधाचे गाईड वहनक्षमतेचा (पठाराला दिवसाला किती पर्यटक झेपतील याचा) आकडाही मागतात.

कातळसडा: वाटेला काटकोनात रेषा आखा, त्यावर ०.५, २, ५ आणि १० मीटरवर क्वाड्रॅट. अशा निदान दहा रेषा घ्या. एका रेषेवरचे चार क्वाड्रॅट म्हणजे चार स्वतंत्र नमुने नव्हेत, नमुना म्हणजे रेषा. फसगत होते ती कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या न तुडवलेल्या जागेत. वाट उघड्या कातळावरून जाते आणि दहा मीटरवर मातीचा खोलगट भाग लागतो. मग वाटेशी तेरडा कमी दिसला की खापर पर्यटकांवर! बारीक सळी खुपसून मातीची जाडी नोंदवा, जाडी जुळेल तिथंच तुलना करा. गेंद आणि सीतेची आसवं ओलीतली, त्यांचा हिशेब वेगळा. गुरं चरतात का, तेही लिहा.

मृदागंध: मातीचा घट्टपणाही घ्या. पेनेट्रोमीटर (मातीत टोक खुपसून घट्टपणा मोजायचं यंत्र) इथं कुचकामी, टोक लगेच जांभ्याला लागतं. ५ सेंमी व्यासाची, ५ सेंमी उंचीची रिंग (९८ घसेंमी) वापरा. माती उथळ असेल तर आखूड रिंग. नमुना १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवा, २ मिमी चाळणीवर राहिलेल्या खड्यांचं वजन आणि आकारमान दोन्ही वजा करा, मग वजनाला आकारमानानं भागा. चिंब मातीत रिंग ठोकू नका, ठोकतानाच माती दबते.

फुलोरा: तुडवणीचा प्रयोग करायचा तर कोल-बेफिल्ड पद्धत (१९९३): ०.५ × १.५ मीटरचे पट्टे, त्यांवरून चालत ०, २५, ७५, २०० आणि ५०० फेऱ्या. दोन आठवड्यांनी आणि वर्षाने आच्छादन (झाडांनी झाकलेला भाग) मोजायचं. शून्य फेऱ्यांचा पट्टा गाळू नका. कारण ही झाडं बहुतेक वर्षायू, ऑक्टोबरात आपोआप सुकतात. जागतिक वारसा पठारावर मात्र हा प्रयोग नकोच, बाहेरच्या खासगी सड्यावर मालकाच्या परवानगीनं करा. कासवरच्या नुसत्या मोजणीलाही वनविभागाची लेखी परवानगी लागेल, अर्ज पावसाआधीच टाका.

वहनक्षमतेचं गणित सोपं, म्हणूनच धोक्याचं. १ किमी वाट, माणशी १ मीटर, ८ तासांत २ तासांच्या ४ पाळ्या: ४००० माणसं. पाऊस, निसरडं यांचे गुणक ०.५ आणि ०.६ धरले की १२००. माणशी २ मीटर धरा, लगेच ६००! त्यामुळे एकच आकडा देऊ नका. गृहीतकं बदलून तक्ता द्या.

प्रश्नकर्ता: म्हणजे दुसऱ्या वर्षीची मोजणी प्रबंधात बसणार नाही?

फुलोरा: नाही. पट्ट्यांच्या कोपऱ्यांचे जीपीएस टिपून ठेवा, पुढच्या तुकडीला देता येतील. मोबाइलचा जीपीएस तीन-चार मीटर चुकतो, म्हणून कोपऱ्यावर खुंटीही ठोका.