'लीन' म्हणजे नम्र कारखाना?

टाचणी: शर्टाच्या कारखान्यातल्या सुपरवायझरांसाठी पुस्तिका भाषांतरित करतेय. 'लीन मॅन्युफॅक्चरिंग'ला (काही वाया न घालवता माल बनवायची पद्धत) 'लीन उत्पादन' लिहिलं, तर शेरा आला, "नम्र उत्पादन?" सडसडीत लिहू की काटकसरीचं?

उलटी टीप: काटकसर नको, वाचणारा आधी दोऱ्याची रिळं मोजायला बसेल. कमी करायचाय तो मशीनांमध्ये अडकलेला अर्धवट माल. 30 ऑपरेशनं, प्रत्येकापुढे 20 नगांचं बंडल, म्हणजे 600 शर्ट वाटेतच. तासाला 60 निघत असतील तर आत गेलेला नग बाहेर यायला 10 तास. कॉलर वाकडी बसतेय हे शेवटच्या तपासणीत कळतं, तोवर ढीगभर शिवून झालेले असतात. 'आटोपशीर' लिहा.

शुद्धमती: 'बंडल' कशाला? जुडी, गठ्ठा आहेत की.

कातर: जुडी भाजीची, गठ्ठा कागदांचा. बंडलाला साइझ, शेड, नंबरचं तिकीट असतं. ते हरवलं की एका शर्टाला दोन शेडच्या बाह्या. (बंडल मारणारे वेगळे.)

टाचणी: 'टॅक्ट टाइम'ला (मागणी पुरी करायला दर किती वेळाने एक नग निघायला हवा, तो वेळ) 'ठेका' ठेवलाय. मूळ जर्मन शब्द संगीतातलाच आहे.

उलटी टीप: फसाल! कारखान्यात ठेका म्हणजे कंत्राट. 'ताल' ठेवा. 480 मिनिटांत 600 शर्ट हवेत, तर ताल 48 सेकंदांचा. कॉलर जोडायला 60 लागत असतील तर दिवसाला 480च निघणार. खुणा करायचं काम आधीच्या मशीनला द्या, तरी बसलं नाही तर दुसरं मशीन लावा. पण खरं घोडं अडतं पीस रेटवर. नगावर मजुरी असली की समोर ढीग हवाच वाटतो. एकेक नग सरकवायला लावलं की शेजारणीची सुई मोडली तरी हिची मजुरी बुडते. मजुरी आधी एकेकीच्या नगांवरून अख्ख्या लाइनच्या उत्पादनावर आणा, मग ढीग हटवा.

शुद्धमती: आणि लीनमधल्या 'मुदा'चं काय? जपानीत वाया जाणं, संस्कृतात 'आनंदाने'!

कातर: मग ऑल्टर आनंदानेच करत असतील.

शुद्धमती: ऑल्टर? 'उसवण' म्हणा.

कातर: उसवण ही क्रिया. ऑल्टर म्हणजे तो दुरुस्तीला परत आलेला नग. त्याला शब्द द्या.

शुद्धमती: परतनग?

टाचणी: अहो, मुखपृष्ठावर काय छापू?

कातर: 'परतनग' ऐकून तपासनीस कापड परत पाठवेल. बाय द वे, उसवणे हे उत् + सीव् असावं का?